वाचकांचे प्रश्न: आपल्याच शहरातलं फुकट म्युझियम, पण बघायचं काय?

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की आपापल्या शहरातलं ते छोटं, तिकीट नसलेलं, एका बाजूला इतिहास आणि दुसऱ्या बाजूला चित्रं असलेलं म्युझियम एकदा तरी जाऊन बघा. त्यावर भरपूर मेसेज आले, काही खूप उत्साहाचे आणि काही सरळसरळ तक्रारीचे, आणि तक्रारीचे मला जास्त आवडले कारण ती मंडळी खरंच जाऊन आली होती. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत. मी स्वतः बरीच वर्षं म्युझियमच्या आतल्या बाजूला, म्हणजे नोंदवह्या आणि साठवणीच्या खोल्यांमध्ये काम केलंय, त्यामुळे उत्तरं त्या बाजूने येतील.

ताई, तुमचं वाचून आम्ही दोघं गेलो. खरं सांगू? वीस मिनिटांत सगळं बघून झालं. जुनी भांडी, नाणी, पिवळे पडलेले फोटो, दोन खोल्या चित्रं. नेमकं काय बघायचं असतं तिथे? फुकट होतं म्हणून हळहळ वाटली नाही इतकंच.

वीस मिनिटांत सगळं बघितलंत, तिथेच गोची झाली. सगळं बघायला जाऊच नका. तिकीट काढलं की माणूस पैसे वसूल करायच्या नादाला लागतो, प्रत्येक खोलीत डोकावतो, प्रत्येक काचेपुढून चालत जातो आणि बाहेर येतो तेव्हा पाय दुखत असतात नि डोक्यात काहीच राहिलेलं नसतं. फुकट म्युझियममध्ये वसूल करायला काही नाहीच ना, अर्ध्या तासात बाहेर पडा, पुढच्या आठवड्यात परत या, तीच एक खोली परत बघा, कोण विचारतंय? मला वाटतं तिकीट नसण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे आणि तोच कुणी घेत नाही.

आणि दमायला होतं ते तुमचा उत्साह कमी म्हणून नाही. १९१६ मध्ये बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समधल्या बेंजामिन आइव्हज गिलमन यांनी याच थकव्यावर लेख लिहिला होता, त्यात त्यांनी एका माणसाचे फोटो छापले, खालच्या कप्प्यातली वस्तू बघायला तो कसा उकिडवा बसतो, लेबल वाचायला कसा वाकतो, मान कशी वाकडी करतो, आणि म्हटलं की बघा, दोष आमच्या कपाटांचा आहे. शंभर वर्षं होऊन गेली तरी कितीतरी ठिकाणी कपाटं तशीच आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे आपण थांबतच नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये लोक एका चित्रासमोर किती वेळ उभे राहतात हे मोजलं होतं, २००१ मध्ये ते प्रसिद्ध झालं, सरासरी आली २७ सेकंद, आणि निम्म्या वेळा तर १७ सेकंदांच्या आतच लोक पुढे गेलेले, लेबल वाचायचा वेळ धरून. तीही जगातली नावाजलेली चित्रं! मग आपल्या शहरातल्या अनामिक मडक्याला किती सेकंद मिळत असतील.

तर पुढच्या वेळी तीनच वस्तू निवडा. लेबल आधी वाचू नका. मडकं असेल तर आतून बघायचा प्रयत्न करा, आत गोल गोल रेषा दिसल्या तर ते चाकावर घडवलंय, नसतील आणि जाडी कमीजास्त असेल तर बहुतेक हाताने थापून केलंय, तळ काजळलेला आहे का, म्हणजे चुलीवर चढत होतं की नुसतं साठवायला होतं. अवजार असेल तर मूठ बघा, कुठल्या बाजूने जास्त झिजलीय, ती वापरणारा माणूस डावखुरा होता का इथपर्यंत कधीकधी कळतं. आणि ठिगळ, डाग देऊन जोडलेला सांधा, तारेने बांधलेला तडा असं काही दिसलं तर तिथे जरूर थांबा, कारण दुरुस्त करून वापरलेली वस्तू म्हणजे कुणालातरी ती टाकवली नाही, आणि नवी घेणं परवडत नव्हतं की जीव अडकला होता हा विचार करत दहा मिनिटं सहज जातात.

फोटो तर नुसते चेहऱ्यांसाठी बघूच नका, मागे काय आहे ते बघा. दुकानाची पाटी, विजेचा खांब आहे की नाही, सावली कुठे पडलीय, कडेला अर्धवट आलेलं मूल. खूप जुन्या फोटोत रस्ता रिकामा दिसला तर तो रिकामा होताच असं समजू नका, फोटोग्राफीच्या अगदी सुरुवातीच्या काळातले फ्रेंच संशोधक डागेर यांनी १८३८ च्या सुमारास पॅरिसच्या एका रस्त्याचा फोटो घेतला, रस्ता वाहता होता पण कॅमेऱ्याला काही मिनिटं उघडं ठेवावं लागत होतं म्हणून चालणारे लोक नि गाड्या उमटल्याच नाहीत, उमटला तो बूट पॉलिश करून घ्यायला एका जागी उभा राहिलेला एक माणूस.

आता लेबल वाचा, आणि तळाशी बारीक अक्षरात जो नंबर असतो तो वाचाच. बऱ्याच ठिकाणी तो तीन तुकड्यांत असतो, समजा १९६८.१४.३ असं काही, म्हणजे ही वस्तू १९६८ साली म्युझियममध्ये आली, त्या वर्षी आलेल्यांपैकी ही चौदावी भेट किंवा खरेदी आणि त्यातली ही तिसरी वस्तू. मग लगेच मनात येतं की १४.१ आणि १४.२ काय असेल, ते कुठे आहे? विचारा की. काउंटरवरच्या माणसाला असं कुणी विचारलं तर फार आनंद होतो, मी सांगते ना, आतून कुणीतरी नोंदवही घेऊन बाहेर येतंच.

फुकट आहे म्हणजे दर्जा बेताचाच असणार असं माझे मिस्टर म्हणतात. पैसे नाही घेतले तर चालतं कसं हे?

त्यांना सांगा की लंडनचं ब्रिटिश म्युझियम १५ जानेवारी १७५९ ला उघडलं ते फुकटच. सुरुवातीला आत जायला आधी अर्ज करून पास काढावा लागायचा, पण पैसे नव्हते. मधे १९७४ मध्ये सरकारी धोरण म्हणून तिकीट लावलं ते जेमतेम तीन महिने टिकलं. ब्रिटनमधल्या ज्या राष्ट्रीय संग्रहालयांना तिकीट होतं त्यांचंही डिसेंबर २००१ पासून कायमच्या संग्रहासाठी बंद झालं. वॉशिंग्टनमधली स्मिथसोनियन या संस्थेची म्युझियम्सही फुकट, आणि ती संस्था उभी राहिली जेम्स स्मिथसन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने ठेवलेल्या पैशातून, जो अमेरिकेत आयुष्यात कधी गेलाच नव्हता. त्यांचं १८२९ मध्ये निधन झालं, संस्था स्थापन झाली १८४६ मध्ये.

छोट्या म्युझियमचं गणित वेगळं, तिथे पैसा येतो पालिकेकडून, एखाद्या ट्रस्टकडून, देणग्यांतून, आणि अर्धं काम तर स्वयंसेवकांवर चालतं. म्हणून माझी एक कळकळीची विनंती आहे, दाराशी अभिप्रायाची वही ठेवलेली असते ना, किंवा हातात मोजणीचं यंत्र घेऊन कुणी बसलेलं असतं, त्यांना टाळून आत जाऊ नका, वहीत नोंद करा. पुढच्या वर्षी अनुदान मागताना वर्षभरात किती लोक आले हा आकडा समोर ठेवावा लागतो. पेटीत जमेल तेवढं टाका, नाही जमलं तर नका टाकू, पण वहीत नोंद नक्की करा.

आत इतका अंधार का ठेवतात? साड्या आणि जुने नकाशे असलेल्या खोलीत तर आईला काही दिसेना. आणि फोटो काढायला गेले तर फ्लॅशवरून ओरडले.

चिडू नका, सांगते. कापड, कागद, जलरंग, हाताने रंगवलेले नकाशे या सगळ्यांना प्रकाश खातो. आणि एकदा उडालेला रंग परत येत नाही, कितीही मोठा तज्ज्ञ आणा, तो आणखी उडू नये एवढंच बघू शकतो. म्हणून अशा वस्तूंवर साधारण ५० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) एवढाच उजेड ठेवायचा अशी पद्धत आहे, तैलचित्रांना २०० च्या आसपास चालतो. थेट उन्हात हाच आकडा एक लाखाच्या घरात जातो. आता हिशोब करा, ५० लक्स, रोज आठ तास, वर्षाचे तीनशे दिवस, एकूण झाले १,२०,००० लक्स-तास. म्हणजे ती साडी वर्षभर त्या अंधाऱ्या खोलीत राहून जेवढा उजेड खाते तेवढा ती सव्वा तास उन्हात ठेवली तर खाईल. नुकसान साठत जातं, मधे विश्रांती दिली म्हणून भरून येत नाही, म्हणून तर चांगली म्युझियम्स कापडाच्या वस्तू काही महिन्यांनी उतरवून आत ठेवतात आणि दुसऱ्या लावतात. तुम्ही मागच्या वेळी बघितलेली वस्तू आता दिसली नाही तर हे कारण असू शकतं.

रंग उडतो म्हणजे नुसतं फिकट होतं असंही नाही बरं का. सतराव्या शतकातल्या काही डच चित्रांत पानं चक्क निळसर दिसतात, चित्रकाराने ती हिरवीच रंगवली होती, पण त्या हिरव्यातला वनस्पतीपासून केलेला पिवळा रंग उडून गेला आणि मागे निळा राहिला.

आईंना घेऊन पुन्हा जाल तेव्हा बाहेरून थेट त्या खोलीत नेऊ नका, आधी दुसऱ्या मध्यम उजेडाच्या खोलीत पाच-दहा मिनिटं बसवा, डोळे सरावले की खूप फरक पडतो. मोठ्या अक्षरातली लेबलं आहेत का ते विचारा, कितीतरी ठिकाणी छापून ठेवलेली असतात पण विचारल्याशिवाय देत नाहीत. फ्लॅशचं म्हणाल तर एका फ्लॅशने चित्र बिघडत नाही, तसा धोका फार थोडा आहे, पण शेजारी शांतपणे बघत उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यात जातो, काचेवर परत उसळून तुमचाच फोटो वाया जातो, आणि उसन्या आणलेल्या वस्तूंच्या बाबतीत मालकाने फोटोच काढू नका असंही लिहून घेतलेलं असतं. बिनफ्लॅशचा काढा, चालतो का ते विचारून. हात मात्र लावू नका, इथे मी फार कडक आहे, घामातलं मीठ आणि तेल पितळ-तांब्यावर बसलं की काही महिन्यांनी तिथे बोटांचे ठसे काळे होऊन उमटतात आणि ते काढायला धातूचाच थर खरवडावा लागतो.

मी कॉलेजला आहे. इतिहासाचा भाग मला आवडतो पण चित्रांच्या खोलीत मी हरवतो. स्थानिक चित्रकारांची नदी, बाजार, देवळं, टेकडी अशी चित्रं आहेत. ती सुंदर आहेत की नाहीत हेसुद्धा मला ठरवता येत नाही. कसं बघू?

सुंदर आहे की नाही हे ठरवायची घाई तुला कुणी केलीय? ते बाजूला ठेव. तुला इतिहास आवडतो ना, मग त्या चित्रांना साक्षीदार समजून बघ, आणि साक्षीदाराला विचारतात तसे प्रश्न विचार, तू कुठे उभा होतास, किती वाजले होते, हे खरंच असं होतं की तू हलवलंस?

कॅनालेट्टो नावाचा अठराव्या शतकातला व्हेनिसचा चित्रकार होता, कालवे आणि वाडे इतके बारकाईने रंगवायचा की भिंतींवर भरतीच्या पाण्याने आलेला शेवाळाचा हिरवा पट्टासुद्धा त्याने जिथल्या तिथे दाखवलाय. २००३ मध्ये संशोधकांनी त्याच्या आणि त्याचा भाचा बेलोट्टोच्या चित्रांतला तो पट्टा आजच्या त्याच भिंतींवरच्या पट्ट्याशी ताडून बघितला आणि व्हेनिस तेव्हापासून पाण्याच्या तुलनेत सुमारे ६० सेंटीमीटर खाली गेलंय असं काढलं. पाण्याची पद्धतशीर मोजणी सुरू व्हायच्या कितीतरी आधीची नोंद, आणि ती सापडली कुठे, तर चित्रांत! त्या भाच्याची गोष्ट तर मला अजून मोठी वाटते. बेर्नार्दो बेलोट्टोने १७७० च्या दशकात वॉर्सा शहराचे रस्ते रंगवले, दुसऱ्या महायुद्धात ते शहर जवळजवळ जमीनदोस्त झालं आणि जुना भाग पुन्हा उभा करताना पोलंडच्या लोकांनी नकाशे, मोजमापाची रेखाटनं यांच्यासोबत त्याची चित्रंही समोर ठेवली. पण त्याने काही ठिकाणी इमारती जरा देखण्या करून रंगवल्या होत्या, त्यातलं थोडं देखणेपण खऱ्या शहरातही उतरलं. हे तू लक्षात ठेव, चित्रकार खोटं बोलत नसला तरी निवड करत असतो.

तर तुझ्या त्या बाजाराच्या चित्रासमोर असं कर. आधी लांबून बघ, खोलीच्या दुसऱ्या टोकावरून. मग जवळ जा, इतकं की नुसते रंगाचे फराटे दिसतील (रक्षक खाकरला की एक पाऊल मागे ये). मग बाजूने, तिरकस, उजेड पृष्ठभागावरून घसरत येईल असा उभा राहा, रंग कुठे जाड चढवलाय, कुठे कॅनव्हास तसाच सोडलाय ते कळतं, आणि कधीकधी वरच्या रंगाखाली आधी काढलेली आणि नंतर बुजवलेली एखादी आकृतीही उंचवट्यासारखी जाणवते, म्हणजे चित्रकाराचा विचार बदलला तो क्षण तुझ्यासमोर असतो. बारीक भेगांचं जाळं दिसलं तर घाबरू नकोस, तेलरंग म्हातारा झाला की ते येतंच.

मग शेजारच्या खोलीत जाऊन त्याच बाजाराचा फोटो आहे का शोध. दोन्हीत काय काय जुळत नाही याची यादी कर. चित्रातून कुणाला वगळलंय? झाडूवाले, हमाल, बायका, उकिरडा? इतिहास आणि कला एकाच छपराखाली असलेल्या म्युझियममध्येच हे दहा पावलांत करता येतं, मोठ्या कलादालनात तुला तो फोटो मिळणार नाही आणि जुनी कागदपत्रं सांभाळणाऱ्या मोठ्या पुराभिलेखागारात ते चित्र मिळणार नाही. सुंदर वाटायला लागलं तर त्यानंतर वाटेल, आणि नाही वाटलं तरी तुझा वेळ वाया गेलेला नसेल.

माझ्या आजोबांच्या दुकानाच्या चोपड्या, काही नाणी आणि पेटीभर फोटो घरात पडून आहेत. मी मोठ्या आशेने एका म्युझियमला द्यायला गेलो तर त्यांनी फोटो आणि चोपड्या ठेवून घेतो म्हणाले, नाणी नको म्हणाले. आणि कायम मांडून ठेवाल ना विचारलं तर तसं सांगता येणार नाही म्हणे. अपमान वाटला. देऊ की नको?

द्या. आणि अपमान मानू नका, उलट त्यांनी तुमच्याशी सरळ व्यवहार केलाय. प्रत्येक म्युझियमचं काय घ्यायचं आणि काय नाही याचं लेखी धोरण असतं, निदान असायला हवं. तसली नाणी त्यांच्याकडे आधीच पिशव्या भरून असतील, आणि घेतलेली प्रत्येक वस्तू कायमची सांभाळायची जबाबदारी असते, जागा, कपाट, वाळवी, दमटपणा, सगळं आलं. तुमच्या आजोबांच्या चोपड्या मात्र दुसऱ्या कुणाकडे असणारच नाहीत. त्या वर्षी कोणता माल आला, उधारी कुणाकुणाची होती, कुठल्या महिन्यात धंदा बसला, एका शहराचा इतिहास लिहायला बसलेल्या माणसाला याच्याइतकं मोलाचं फार थोडं मिळतं. त्यांनी नाण्यांपेक्षा वह्या मागितल्या यावरून ती माणसं जाणकार आहेत हे मला कळलं.

कायम मांडून ठेवण्याचं वचन कुणीच देऊ नये, प्रकाशाचं वर सांगितलंच. शिवाय कुठल्याही म्युझियममध्ये बहुतेक संग्रह आतच असतो. ब्रिटिश म्युझियमकडे ८० लाखांच्या आसपास वस्तू आहेत आणि मांडलेल्या असतात साधारण ८० हजार, म्हणजे शेकडा एक. आत ठेवलेली वस्तू मेलेली नसते हो, अभ्यासक येऊन बघतात, फिरत्या प्रदर्शनांना जाते, स्कॅन होते.

देताना काही गोष्टी सांभाळा. दानपत्र लिहून घ्या, त्यात वस्तू कायमची दिली की उसनी दिली हे स्पष्ट असू द्या, आणि घरातल्या भावंडांची संमती आधीच घ्या कारण पाच वर्षांनी एखादा पुतण्या उगवतो आणि म्हणतो हे माझं होतं, मग म्युझियमची आणि तुमची दोघांची झोप उडते. फोटो स्कॅन करून एक संच स्वतःकडे ठेवा. त्याहून महत्त्वाचं, फोटोत कोण आहे हे घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसासोबत बसून आजच लिहून काढा, फोटोच्या मागे लिहायचं तर मऊ शिसपेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने, बॉलपेन नको कारण त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई पाझरते. नावं नसलेला फोटो म्युझियमला अर्धाच मिळतो. चोपड्यांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबातच नको, ते परत काढता येत नाही. फाटलेलं पान फाटलेलंच द्या. आणि ती नाणी चिंच किंवा पॉलिश लावून चकचकीत करायचा मोह होईल, करू नका, वरचा थर गेला की नाण्याचं वयही गेलं आणि किंमतही.

दोन-तीन म्युझियम असतील तर चोपड्या आणि फोटो वेगवेगळ्या ठिकाणी वाटू नका एवढं माझं ऐका. फोटोत दिसणारं दुकान आणि त्याच दुकानाच्या वह्या एकत्र असल्या तरच दोन्ही बोलतात.

सहा आणि नऊ वर्षांची मुलं आहेत. नेऊ का? शांत बसत नाहीत.

न्या, फुकट आहे म्हणूनच न्या! पंचवीस मिनिटांत कंटाळली तर बाहेर पडा, कुणाकडे पैसे परत मागायचे नाहीयेत. सगळं समजावून सांगायच्या फंदात पडू नका, मुलांना एकेक काम द्या, या खोलीत तीन प्राणी शोध, तुटून जोडलेली एक वस्तू शोध, आपल्या घरात असलेली पण वेगळी दिसणारी वस्तू शोध. नऊ वर्षांच्याला कागद आणि पेन्सिल द्या आणि एकच वस्तू काढायला बसवा, पेन देऊ नका, बहुतेक ठिकाणी शाई चालत नाही. सहा वर्षांचं मूल खालच्या कप्प्यातलं जे बघेल ते तुम्हाला दिसणारच नाही, त्याच्या उंचीवर बसून बघा. मोठ्याने बोललं म्हणून लगेच शूऽ करू नका, पळणं आणि काचेवर रेलणं एवढं दोनच थांबवा. आणि निघताना, आता परत यायचं तेव्हा कुठली वस्तू पहिल्यांदा बघायची ते त्यांनाच ठरवू द्या.

सासूबाई व्हीलचेअरवर आहेत. जमेल का?

आधी फोन करा. पायऱ्या किती, रॅम्प कुठल्या दाराला, लिफ्ट चालू आहे का, स्वच्छतागृहाचं दार पुरेसं रुंद आहे का, हे चार प्रश्न विचारा आणि लिफ्ट चालू आहे का हा प्रश्न निघायच्या दिवशी सकाळी परत विचारा. वरचा मजला जमणारच नसेल तर तिथल्या वस्तूंचा अल्बम किंवा टॅब खाली आणून दाखवता का विचारा. लाजू नका, मागणी आली तरच सोयी होतात.

एका जुन्या ग्रुप फोटोखाली "अनोळखी स्त्रिया" असं लिहिलंय. त्यातली डावीकडून दुसरी माझी आजी आहे! आणि शेजारच्या वस्तूच्या लेबलवर आमच्या पेठेचं वर्णनही चुकीचं आहे. तिथल्या रक्षकाला सांगितलं, तो हो हो म्हणाला आणि विषय संपला. काय करू?

वाचून अंगावर काटा आला माझ्या. रक्षकाकडे ते काम नसतं, त्यांना सांगून उपयोग नाही, तुम्ही क्युरेटरना, म्हणजे संग्रह सांभाळणाऱ्या जबाबदार माणसाला, लेखी कळवा, आणि दोन्ही गोष्टींची दोन वेगळी पत्रं करा, कारण आजीचं काम लवकर होईल आणि पेठेचं वादात पडेल, एकामुळे दुसरं अडायला नको.

पत्रात लेबलवरचा नंबर टाका, तोच वर सांगितलेला, त्याच्याशिवाय त्यांना वस्तू शोधायलाच वेळ जातो. लेबलचा फोटो जोडा. मग तुम्हाला काय माहीत आहे आणि ते कुणाकडून कळलं हे वेगवेगळं लिहा. ही माझी आजी आहे एवढंच लिहू नका, माझ्या घरी तिचा अमुक साली काढलेला दुसरा फोटो आहे, त्याची प्रत जोडली आहे, आणि तिने स्वतः किंवा माझ्या वडिलांनी या ग्रुप फोटोबद्दल असं असं सांगितलं होतं, असं लिहा. घरात सांगितलेल्या आठवणीही पुरावा असतात, फक्त कुणी, कुणाला, साधारण कधी सांगितलं ते सोबत हवं. पेठेबद्दल कागद असेल तर प्रत द्या, नसेल तर जुन्या रहिवाशांपैकी कोण सांगू शकेल त्यांना विचारून त्यांच्या परवानगीने कळवा.

लेबल उद्याच बदलेल असं नाही, छपाई, तपासणी, कधीकधी पुढची मांडणी होईपर्यंत थांबतात. पण प्रत्येक वस्तूची आत एक फाईल असते आणि तुमचं पत्र त्या फाईलला लागतं, पुढे जो कुणी त्या फोटोवर काम करेल त्याच्या हाती पहिल्यांदा तेच पडेल. महिनाभरात उत्तर नाही आलं तर फोन करून पत्र फाईलला लागलं का एवढंच विचारा. त्या फोटोतल्या बाकीच्या बायकांपैकी कुणी ओळखू येतं का हे घरच्या म्हाताऱ्या मंडळींना दाखवून बघा, एकीचं नाव सापडलं की तिच्या मैत्रिणी, जावा, शाळा यावरून बाकीच्या सापडत जातात. आणि आजीचं नाव लिहाल तेव्हा पूर्ण लिहा, लग्नाआधीचं नाव-आडनावसुद्धा, कारण तिच्या शाळेच्या नोंदी त्याच नावाने शोधाव्या लागतील.